वाळल्या मोहाचा रंग

खुशाल बुरडाने फडक्यात गुंडाळलेली सुरी भट्टीजवळच्या दगडावर ठेवली, तेव्हाच लटारू लोहाराने ओळखलं, हीसुद्धा परत आली.

"उघडा तं," खुशाल म्हणाला.

लटारूने फडकं उघडलं. उंदराने भाकरी कुरतडावी तशी पात्याची धार मधेच उडाली होती. एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी. लटारूने बोट फिरवून ते मोजलं.

"पयली वाकली, दुसरी तुटली," खुशाल म्हणाला. "तिसरी काय करन, लटारूभाऊ? पळून जाईन का?"

"लोखंड खराब हाये गा. या टरकाच्या पाट्याचा भरवसा नाई. बाबाच्या वक्ती रुळाचं लोखंड भेटे, त्याची गोष्टच येगळी होती."

"दोनी वेळा लोखंडच?"

लटारूने फडकं पुन्हा सुरीभोवती गुंडाळलं. खुशाल वाईट माणूस नव्हता. त्याच्या बापाने साऱ्या जन्मात जेवढ्या सुऱ्या वापरल्या, त्या सगळ्या लटारूच्या बापाच्या, रामाजी लोहाराच्या हातच्या होत्या. पण बुरडाचं काम असं की सुरी सकाळी हातात घेतली की ती दिवस मावळेपर्यंत खाली ठेवायची नाही. बांबू उभा चिरायचा, त्याच्या कामट्या काढायच्या, कामट्यांच्या पुन्हा पातळ कामट्या. बांबूची प्रत्येक गाठ म्हणजे सुरीची परीक्षा. त्यात धान कापणीला आलेलं. सुपं, टोपल्या, कणग्या, सगळ्यांची मागणी एकदम.

"बाजाराच्या दिवशी म्या वडशाले चाललो," खुशाल उठताना म्हणाला. "तिथी दुकानात सुऱ्या भेटतेत. त्याच्या आधी देत असान तं द्या. तुमच्या हातची सोडून दुकानातली घ्याची म्हणजे मलेच कसंतरी वाटते. पण बांबू कोणासाठी थांबत नाई, भाऊ."

बाजाराला चार दिवस होते.

एका सुरीचा प्रश्न असता तर लटारू एवढा धास्तावला नसता. पण बुरडाची सुरी ही लोहाराची सगळ्यात कठीण परीक्षा, हे साऱ्या पळसबोडी गावाला ठाऊक होतं. खुशालने वडशाहून सुरी आणली की लोक आपापले विळे हातात घेऊन विचार करणार, यंदा कापणीचे विळे लटारूकडे टाकावे की नाही. आणि लटारूला दुसरं काही येत नव्हतं. तरुणपणी तो एकदा चंद्रपूरला एका कारखान्यात लागला होता. महिन्याभरात परत आला. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, "तिथी सारे एकाच वेळी बोलतेत."

असा हा मितभाषी माणूस. पंचेचाळिशी ओलांडलेला, खांदे रुंद, बोटं जाड आणि त्या बोटांना भलताच हळुवारपणा. गावातला कोणताही विळा त्याच्या हातात द्यावा. झीज चाचपून तो सांगायचा, हा अमक्याचा आहे, हा डावखुऱ्याचा आहे, हा घरच्या बाईनेच जास्त वापरला आहे. कधी चुकायचा नाही. असा माणूस "लोखंड खराब" म्हणाला की लोक मान्य करत. खुशालनेही आतापर्यंत केलं होतं.

दोष लोखंडाचा नव्हता, हे एकट्या लटारूला माहीत होतं. दोष त्याच्या डोळ्यांचा होता.

वर्षभरापूर्वी आधी दिव्याभोवती कडं दिसायला लागलं. मग साऱ्या जगावर धुराचा पातळ पडदा आल्यासारखं झालं, आणि भट्टीपाशी जन्म गेलेल्या माणसाने त्याचा दोष धुरालाच दिला. हळूहळू पांढरं आणि फिकट पिवळं त्याला एकच झालं. लाल दिसायचं. तापलेल्या लोखंडाचा लाल दिसला नसता तरी हातोड्याखाली ते किती मऊ लागतं यावरून त्याला कळला असता. पण सुरीचं खरं काम लालावर होत नाही.

सुरी घडवणं म्हणजे अर्धंच काम. उरलेलं अर्धं पाणी देण्याचं. घडवलेलं पातं लाल करून धारेकडून पाण्यात बुडवलं की धार काचेसारखी कडक होते, आणि काचेसारखीच फुटते. म्हणून तो कडकपणा थोडा उतरवावा लागतो. पातं लगेच बाहेर काढायचं, विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत करायचं आणि वाट बघायची. पाठीत उरलेली आच हळूहळू धारेकडे सरकते आणि तिच्यापुढे पात्यावरून रंग सरकत जातात. आधी फिकट, मग पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, शेवटी निळा. हवा तो रंग धारेवर आला की झटकन पुन्हा पाण्यात. थोडा उशीर झाला तर धार मऊ राहते, घाई झाली तर ठिसूळ. खुशालच्या पहिल्या सुरीवर लटारूला रंग दिसला तो थेट जांभळा, म्हणून ती वाकली. दुसरी त्याने घाबरून, अंदाजाने, आधीच बुडवली. ती तुटली.

आणि हे सगळं चालू असताना कोणी बोलायचं नाही, ही रामाजी लोहाराने घालून दिलेली शिस्त होती. पाणी देताना तोंड उघडलं तर पात्याला नजर लागते. भाता थांबवायचा, खोकला आला तर बाहेर जायचं. त्यामुळे लटारू अकरा वर्षं बापाच्या कोपरापाशी उभा राहून रंग शिकला, पण एकाही रंगाचं नाव त्याने बापाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. त्यानेही ती शिस्त पाळली होती. त्याची बायको अंजना त्या वेळी स्वयंपाकघरात भांडंसुद्धा आपटत नसे.

त्याच्या घरात ही शिस्त सगळ्यात जड कोणाला जात असेल तर लेकीला, रंभाला.

रंभा आठ वर्षांची, तिसरीत. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या होत्या आणि ती दिवसभर भट्टीवर असायची. लोखंड लाल होतं, मग त्याची राख काऊन होत नाही? भात्याच्या पोटात हवा संपत नाही का? पाण्यात बुडवल्यावर लोखंड ओरडतं, मग थंड पाणी लोखंडावर ओतलं तर पाणी ओरडेल का? अंजना म्हणायची, "या पोट्टीले प्रश्नाचा रोग झाला." लटारू मात्र माहीत असेल ते सांगायचा आणि माहीत नसेल तिथे सरळ "मालूम नाई" म्हणायचा. मोठ्या माणसाच्या तोंडी हे दोन शब्द रंभाने दुसरीकडे कुठे ऐकले नव्हते. म्हणून ती त्यालाच विचारत राहायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा भट्टीत घातला, तेव्हा ती भात्याच्या दोरीपाशी आधीच उभी होती.

"बाबा, खुशालकाकाची सुरी म्या करू?"

"तू?"

"भाता तं म्याच मारते. म्हणजे अर्धी सुरी माहीच होते."

लटारूला हसू आलं. "बरं. अर्धी तुही, अर्धी माही."

तिचे डोळे आपल्याजवळ असावेत, असं त्याच्या मनात तेव्हाच आलं होतं का? ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"हा पाटा कुठल्या टरकाचा, बाबा?"

"लाकडं नेणाऱ्या. जंगलातून सागवान नेत."

"म्हणजे यानं लय झाडं वाह्यली."

"लय."

"आन् आता बांबू चिरन." रंभाने दोरी ओढता ओढता यावर विचार केला. "याले झाडाशिवाय दुसरं कामच भेटत नाई."

दुपारपर्यंत पातं आकाराला आलं. मुठीत जाणारं शेपूट उरलं तेव्हा लटारूने लहान हातोडा तिच्या हातात दिला आणि सांडशीने लोखंड धरून ठेवलं. तिने वीस घाव घातले. काही लोखंडावर पडले, काही ऐरणीवर. एका घावाने शेपटाला चांगलाच खड्डा पडला. लटारू तो सपाट करायला गेला आणि मग राहू दिला. लाकडी मुठीच्या आत तो कोणाला दिसणार होता? मग दोघांनी आळीपाळीने कानस चालवली. लटारू डोळे मिटून धारेवरून अंगठा फिरवायचा आणि कुठे जाड राहिलं ते सांगायचा.

उन्हं कलली, तेव्हा पाणी द्यायची वेळ आली. छपराखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पाण्याची दगडी डोणी होती. रंभाने न सांगता भाता सोडला आणि ओठ घट्ट मिटून उभी राहिली. पातं लाल झालं. लटारूने धार बुडवली, बाहेर काढली, विटेने घासली आणि थांबला.

पात्यावर त्याला फक्त पांढुरकं काहीतरी दिसत होतं. पिवळा आला असेल का? गेला असेल का? त्याने मान वर केली, समोर रंभा. ती पात्याकडे टक लावून बघत होती. तिचे डोळे मोठे झाले, मग आणखी मोठे. लटारू तिचा चेहरा वाचायला लागला. तिने आवंढा गिळला, आणि त्याने सुरी पाण्यात घातली.

चुर्र झालं. आता बोलायला मोकळीक होती.

"बाबा," रंभा म्हणाली, "तुमी सुरीकडं पाह्यलंच नाई."

"पाह्यलं ना."

"नाई. तुमी माह्याकडं पाहून राह्यले होते. त्याच्यावर किती सुंदर रंग आला होता! तवा तुमी थांबले. मंग सारी सुरी निळी झाली, तवा बुडवली."

लटारूने कानस घेऊन धारेवर टेकवली. सहज घासली गेली. ही सुरीही वाकणार होती. तो डोणीच्या काठावर बसला. अंगणात अंजना धानाचं पोतं शिवत होती, तिला ऐकू जाऊ नये अशा आवाजात तो म्हणाला, "मले पिवळा दिसत नाई, रंभा."

आठ वर्षांची लेक रडेल किंवा घाबरेल असं त्याला वाटलं होतं. रंभाने मान तिरकी केली.

"मंग पिवळा कसा दिसते?"

"दिसतच नाई म्हटलं ना."

"पण तिथी काहीतरी तं दिसत असन!"

आणि उत्तराची वाट न बघता ती घरात पळाली. परत आली ती सूप घेऊन. सुपात मूठभर तांदूळ, मूठभर तुरीची डाळ, एक हळकुंड, झेंडूचं फूल, उन्हाळ्यात वेचून वाळवलेली मोहाची फुलं, एक वांगं आणि कपड्यांना घालायच्या निळीची पुडी. दोन हात लांब उभी राहून तिने एकेक मूठ पुढे केली.

"हे काय?"

"वांगं. ते काय, आकारावरून बी समजते."

"हे?"

"झेंडू."

"आन् हे?"

"तांदूळ."

"डाळ हाये, बाबा."

लटारूने हात पुढे केला.

"हात नाई लावाचा! पाहून सांगा."

त्याने तीनदा डाळीला तांदूळ म्हटलं आणि एकदा तांदळाला डाळ. हळकुंड ओळखलं. वाळलेला मोह ओळखला, पण बराच वेळ लावून. रंभा प्रत्येक चुकीला "अच्छा!" म्हणत होती, जशी काही तो तिला नवीन गोष्ट शिकवत होता. लटारूलाही मग त्यात गंमत वाटू लागली. वर्षभर त्याने या डोळ्यांना नुसतं घाबरून बघितलं होतं. ते नक्की काय बघतात, हे त्याने कधी तपासलं नव्हतं.

"आईले सांगजो नको," तो शेवटी म्हणाला. "अन् कोणालेच नाई."

"नाई सांगत. पण मंग सुरीचं काय?"

"तू रंग पाहून मले सांगजो."

"कोणत्या रंगाले सांगू?"

 कोणता रंग, हे लटारूला पक्कं माहीत होतं, डोळ्यांसमोर होतं. पण त्याचं नाव? बापाने कधी घेतलं नव्हतं. त्याने सुपाकडे बोट केलं. "डाळीसारखा असे. बाबाच्या सुरीवर डाळीचा रंग असे."

"असेच, की तुमाले वाटते?"

लटारूने मान वळवली. खुशालची तुटलेली सुरी कोपऱ्यात पडली होती. उद्या तिचे तुकडे करू, तो म्हणाला. एकेक तुकडा येगळ्या रंगावर बुडवू. मंग पाहू.

तो दुसरा दिवस रंभा जन्मभर विसरली नसेल. तुटक्या सुरीचे छिन्नीने पाच तुकडे झाले. रंभाने एका विटेवर ओळीने तांदूळ, डाळ, मोह, वांग्याची साल आणि निळीची चिमूट मांडली. पहिला तुकडा लाल झाला, पाण्यात गेला, बाहेर आला. लटारूने तो घासला आणि नेहमीसारखा गप्प झाला. रंभाही गप्प.

"बोल ना," तो म्हणाला.

"पानी देतानी?"

लटारूने दाराकडे बघितलं. रामाजीला जाऊन नऊ वर्षं झाली होती, तरी त्याने बघितलं. "बोल. पण हळू."

"तांदूळ," रंभा कुजबुजली. चुर्र.

दुसऱ्या तुकड्याला ती "तांदूळ... तांदूळ... डाळ!" म्हणाली. तिसऱ्याला मोहापर्यंत थांबली, चौथ्याला वांग्यापर्यंत, पाचव्याला निळीपर्यंत. पाचव्याच्या वेळी ती कुजबुजायचं विसरून गेली होती.

मग परीक्षा. लटारूने जुना, वाळून कडक झालेला बांबू आणला आणि प्रत्येक तुकडा त्याच्या गाठीवर ठेवून वरून हातोडा हाणला. तांदळाचा तुकडा कडकन फुटला. निळीचा वाकला. वांग्याचा वाकला नाही, पण धार दबली. डाळीचा गाठीतून आरपार गेला. लटारू खूश झाला, पण त्याने बोट फिरवलं तेव्हा बारीकसा एक दात लागला. मोहाचाही आरपार गेला, आणि त्याच्या धारेला काही म्हणता काही झालं नव्हतं.

लटारूने तो तुकडा पुन्हा पुन्हा चाचपला. "पण बाबाचा रंग डाळच होता," तो म्हणाला.

"आजोबाच्या वक्ती टरकाचे पाटे होते का?"

"नाई. रुळाचं लोखंड. ते मागच्या साली संपलं, तवापासून हे."

"मंग लोखंड दुसरं, तं रंग बी दुसरा असन."

लटारूने हातातला तुकडा खाली ठेवला. म्हणजे लोखंडाचा दोष अगदीच खोटा नव्हता तर! डोळे धड असते, तरी बापाच्या रंगावर बुडवलेली सुरी खुशालने एक दिवस परत आणलीच असती. कारण शोधायला म्हणून नव्हे, सबब म्हणून जे सांगितलं, त्यात थोडं खरं निघालं होतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी त्यांनी पहिल्या दिवशीचं पातं पुन्हा लाल केलं. आता कुजबुज वगैरे राहिली नव्हती. पात्याच्या पाठीकडून रंग निघाला तसं रंभाचं सुरू झालं, "तांदूळ... टोकाकडं डाळ आली, मुठीकडं अजून तांदूळच... टोक वर करा, बाबा... आता सारीकडं डाळ... डाळ... गडद डाळ..."

"पानी देतानी बोलून राह्यले का?" दारात अंजना उभी होती, हाताला पीठ. "अवो, पोट्टी बडबड करून राह्यली अन् तुमी..."

"मोह!" रंभा ओरडली.

चुर्र.

सुरी डोणीत शांत झाली. मग लटारूने बायकोला सांगितलं. चार वाक्यांत सांगून टाकलं. अंजनाने ऐकून घेतलं, आणि मग जे पेटली ते भट्टीला लाज यावी.

"वर्ष झालं! वर्षभर म्या ताटात भाजी वाढली अन् तुमी काय खाऊन राह्यले ते तुमाले दिसत नोतं, अन् मले मालूम नाई! आन् सांगितलं कोणाले, तं या मुंगीएवढ्या पोरीले!"

"सांगितलं नाई, आई," रंभा म्हणाली. "म्याच पकडलं."

"तू चूप बस!" अंजनाने पदराने डोळे पुसले, तर पीठ डोळ्याला लागलं आणि ती आणखी चिडली. "कापणी झाली का चंद्रपूरच्या दवाखान्यात जाऊ. डोळ्याचं तिथी करतेत. अन् नाई म्हणाचं नाई."

लटारू नाही म्हणाला नाही. पण कापणी अजून व्हायची होती, आणि त्याआधी खुशाल यायचा होता.

तो बाजाराच्या दिवशी सकाळीच आला, खांद्यावर पिशवी, वडशाच्या तयारीत. लटारूने मूठ बसवलेली सुरी पुढे केली. खुशालने ती हातात तोलली आणि तशीच घेऊन घरी गेला. परत आला तो हिरवा बांबू घेऊन. तिथेच अंगणात बसून त्याने बांबूच्या टोकाला पातं लावलं, वर एक थाप दिली आणि सुरी खाली खाली नेली. एक गाठ गेली. दुसरी गेली. पाच गाठी गेल्या, बांबू दोन फाका होऊन पडला. मग त्याने एक फाक घेतली आणि तिच्या कामट्या काढल्या, कामट्यांच्या कामट्या काढल्या. इतक्या पातळ, की शेवटची बोटाला गुंडाळली तरी मोडली नाही. त्याने धार उन्हात धरून बघितली. काही नव्हतं.

"वा," तो म्हणाला. "ही खरी रामाजीच्या घरची. कोणतं लोखंड वापरलं या टायमाले?"

रंभा भिंतीला टेकून उभी होती. तिने वचन दिलं होतं, म्हणून तिने ओठ पहिल्यासारखे मिटले.

"तेच," लटारू म्हणाला.

"तेच कसं असन? चांगलं भेटलं असन कुठून तरी. म्या सांगतो साऱ्याईले, लटारूभाऊच्या हाताचा दोष नोता, लोखंडच खराब होतं. देवाजी विचारूनच राह्यला होता, विळे कुठी टाकू म्हणून. त्याले आजच सांगतो."

एवढंच बोलला तो, आणि पिशवी उचलली. लटारूने गप्प राहायचं ठरवलं होतं. रात्री अंथरुणावर पडून ठरवलं होतं. त्याला नुसतं "हो" म्हणायचं होतं. पण आपण वर्षभर सांगितलेली गोष्ट हा भला माणूस आता घरोघरी घेऊन जाणार, आपल्यासाठी शपथेवर सांगणार, हे ऐकून त्याने खुशालच्या पिशवीचा बंद धरला. स्वतः खोटं बोलणं वेगळं. दुसऱ्याच्या हातून ते गावभर वाटणं लटारूला जमेना.

"थांब, खुशाल. लोखंड तेच हाये. मले पिवळा दिसत नाई. वर्षापासून. तुह्या दोनी सुऱ्या म्या आंधळ्यावानी बुडवल्या. हिचा रंग या पोरीनं पाह्यला."

 खुशालने सुरीकडे बघितलं, मग रंभाकडे.

"म्हणजे माही सुरी या पोट्टीनं केली?"

"अर्धी," रंभा म्हणाली. "पानी बाबानंच देल्लं. म्या फकस्त बोलली."

"पानी देतानी बोलली?"

"हो. जोरात."

"तुह्या आजोबानं सांडशीनं बडवलं असतं तुले." खुशाल हसला, आणि हसता हसता थांबला. "पण लटारूभाऊ, कापणीचे विळे? हे चाळीस-पन्नास घरं. हिची शाळा आठ दिवसानं उघडते. मंग रंग कोण पाहन?"

लटारूनेही याचा विचार केला नव्हता असं नाही. "घडवाले मले डोळे लागत नाई," तो म्हणाला. "दिवसभर घडवून ठेवीन. पानी शाळा सुटल्यावर देईन."

"अन् लोक थांबतेत?"

"ते लोकाईले विचारा लागन."

"थांबतेत," खुशाल म्हणाला. "म्या थांबलो नाई का?"

"तू तं वडशाले चालला होता."

"चाललो होतो. गेलो का?" त्याने पिशवी खांद्यावरून काढून कट्ट्यावर टाकली, आणि मग आठवण झाल्यासारखा म्हणाला, "बाजार तं कराच लागन, मीठ संपलं. पण सुरी नाई घेत."

तो गेल्यावर रंभाने विचारलं, "बाबा, खुशालकाकाले सांगाचं होतं, तं माह्याकडून वचन काऊन घेतलं?"

"मालूम नाई," लटारू म्हणाला.

संध्याकाळपर्यंत गोष्ट गावभर झाली. एकदोन जणांनी विळे सिंदेवाहीला नेले. बाकीच्यांनी आणले. काहींनी केवळ हे बघायला आणले, की पाणी देताना खरंच बोलतात का. शाळा उघडली, तरी अंगणात विळ्यांचा ढीग होता. दिवसभर ऐरण वाजत राहायची, आणि घडून झालेले विळे डोणीशेजारी ओळीने वाट बघत पडायचे.

एकदा भरदुपारी ठमाबाई धाप टाकत आली. तिच्या शेताच्या बांधीतलं धान वाकून मातीला लागलं होतं.

"लटारू, माहा विळा झाला का गा?"

"घडला, बाई. पानी बाकी हाये."

"मंग दे ना पानी. किती वेळ लागते?"

भट्टीपाशी पाच माणसं बसली होती. महिन्याभरापूर्वी लटारूने यावर लोखंड, पाणी, कोळसा, यांतलं काहीही सांगितलं असतं. त्याने हातोडा ऐरणीवर आडवा ठेवला.

"शाळा सुटली का ये," तो म्हणाला, आणि दुसरा विळा आगीत सरकवला.